पालथं पात्र

विहारासमोर भंतेंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा, फ्लेक्स लागला आहे. त्यात भंते हसताहेत आणि तोंडात सगळे दात आहेत. खरं तर त्यांना वरचे पुढचे दोन दात नव्हते. फ्लेक्सवाल्याने ते कॉम्प्युटरवर बसवून दिले. खाली मोठ्या अक्षरांत ‘शांतिदूत’ लिहिलं आहे, आणि त्याखाली विहार समितीचे अध्यक्ष किसनराव यांचा फोटो, भंतेंच्या फोटोहून थोडाच लहान.

स्मरणिकेसाठी लिहायला किसनरावांनीच मला सांगितलं. “दोन पानं लिवा, ताई. चांगलं चांगलं लिवा. कोणाला तकलीफ व्हईल असं काही नको.” मी शाळेत लिपिक आहे, आणि भंतेंच्या भोजनदानाच्या पाळ्या लावायचं काम वस्तीने माझ्याकडे दिलं होतं. कोणत्या दिवशी कोणत्या घरातून डबा, हे मी ठरवायची. भंते मला ‘यादीबाई’ म्हणत. तर हे दाताविषयीचं आधी लिहून टाकते, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

भिक्खू होण्याआधी भंते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. डोंगरकड्यापासून गोरेगावपर्यंत त्यांच्या बँडने वाजवलं नाही असं गाव नसेल. एका लग्नात वरातीतल्या दोन टोळ्यांचं जुंपलं. कोणीतरी लोखंडी खुर्ची भिरकावली. ती त्यांच्या क्लॅरनेटवर बसली, आणि क्लॅरनेट तोंडात होतं. दात गेले तसं वाजवणंही गेलं.

“खुर्ची माझ्यासाठी नव्हती,” ते सांगत. “ज्याच्यासाठी होती तो खाली वाकला. तो अजून जिता हाय. चांगला माणूस हाय.”

पुढे त्यांनी चीवर घेतलं आणि नाव मिळालं खेमचित्त. पण बोटं क्लॅरनेटवाल्याचीच राहिली. ध्यानाला बसले की मांडीवरच्या भिक्षापात्राच्या काठावर बोटं हळूहळू हलायची, उचलायची, दाबायची. आवाज नसायचा. कोणतं गाणं चाललंय म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, “विदाईचं. पोरगी गाडीत बसली की लोक जेवायला पळतात, वाजवणाऱ्याकडं कोणी बघत न्हाई. ते गाणं लई मन लावून वाजवता येतं.”

शाळेत आम्ही त्यांना ‘शांतता’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मुलं ओळीत बसली, हेडमास्तरांनी हार घातला. भंते उभे राहिले आणि म्हणाले, “भांडण कधी लागतं सांगू का? बँड थांबला की. वाजत असताना कोणी कोणाचं ऐकत न्हाई, म्हणून भांडतबी न्हाई. शांतता म्हणजे बँड थांबल्यावर जे ऐकू येतं ते. त्याच्यात कोणी रडत असंल तर तेबी ऐकू येतं. ऐकायची तयारी असंल तर शांतता मागा. न्हाईतर डीजे बरा.” एवढं बोलून ते बसले. हेडमास्तरांनी आभाराचं भाषण त्याच्या तिप्पट केलं.

त्यांची शांती मऊ नव्हती. शिरड शहापूरकडच्या एका शेतात दोन भाऊ बांधावरून एकमेकांशी बोलत नव्हते. पंच, पाहुणे, मामा, सगळे करून झाले होते. भंते गेले आणि बांधावर मधोमध बसले. ऊन असं की माती चटके देत होती. भाऊ म्हणाले, उठा. भंते म्हणाले, “दोघांनी मिळून उचला. एकट्यानं हात लावला तर उठनार न्हाई.” दुपारपर्यंत कोणी हात लावला नाही. मग लोक जमले, हसू लागले, तशी भावांनी चिडून त्यांना काखेत धरून उचललं आणि पलीकडच्या चरात टाकलं. भंतेंचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून परत आले तेव्हा मी म्हटलं, “काय मिळालं भंते?”

“पाडलं खरं,” ते म्हणाले, “पण दोघांनी मिळून पाडलं.”

भाऊ बोलायला लागले का? लागले. काय बोलत? भंतेंना पाडण्यात चूक कोणाची, यावरून भांडत.

दर पावसाळ्यात भंते वर्षावासाला आमच्या विहारात यायचे. पावसाचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचं, आणि त्याच्या जेवणाची काळजी वस्तीने घ्यायची, अशी ही रीत. दोन नियम कडक. एक, भिक्खू मागत नाही. पात्रात पडेल ते खातो, नाही पडलं तर नाही. दुसरा, दुपारचे बारा वाजून गेले की खाणं बंद, ते दुसऱ्या सकाळपर्यंत. भंतेंना साखरेचा आजार होता, त्यामुळे हा दुसरा नियम मला भीतीच घालायचा. प्रत्येक घराला मी साडेदहाची वेळ दिली होती.

पहिल्या वर्षी बायकांची चढाओढ लागली. एकीची पुरणपोळी, दुसरीचं श्रीखंड. भंते सगळं एका पात्रात घेत. श्रीखंडावर वरण, त्यावर लोणचं, आणि हाताने कालवत. श्रीखंडवाली म्हणाली, “भंते, निराळं घ्या ना, चव जाईल.”

“पोटात डबे हायत का निराळे?” ते म्हणाले. “आणि बाई, हे श्रीखंड तुमी माझ्यासाठी न्हाई केलं. शेजारणीच्या शिऱ्यासाठी केलं. तिला दाखवलं ना? मग त्याचं काम झालं.” ती बाई पुढे दोन महिने विहारात आली नाही. गोड बोलून चुका दाखवायची कला भंतेंकडे अजिबात नव्हती.

एकदा एका घरातून डबा बारानंतर आला. गॅस संपला होता. भंतेंनी पात्र धुऊन पुसून झोळीत ठेवलं होतं. सासू तिथेच सुनेवर ओरडायला लागली, केस धरायला धावली. भंते म्हणाले, “उपाशी मी हाय, अन्‌ ओरडून तुमी राहिल्या. भूक लागली असंल तर तुमीच खा.” सासूने हात खाली घेतला. भंते दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यावर राहिले.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या भाद्रपदात विहारातला अँप्लिफायर सापडेना. नवा होता, वर्गणीतून घेतलेला. त्याच दिवशी भंते सकाळी शिरड शहापूरला त्या दोन भावांकडे गेले होते, आणि दुपारी ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा बळीराम विहारात शिरताना पोरांना दिसला. बळीराम मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचा. खांद्यावर पिशवी, पिशवीत वायरी, पक्कड, टेस्टर. पोरांनी पिशवी उपडी केली. वायरी दिसल्या आणि तेवढं पुरलं.

मी शाळेत होते. मी पोहोचले तेव्हा त्याला निळ्या झेंड्याच्या खांबाला बांधलेलं होतं. अर्धी वस्ती जमली होती, बायका लेकरांना कडेवर घेऊन. बळीराम सारखं एकच म्हणत होता, “भंतेनी बोलावलं. पंखा बघायला भंतेनी बोलावलं.” किसनरावांचा पुतण्या प्रकाश म्हणाला, “चोरी ती चोरी, वरून भंतेचं नाव घेतो!” आणि उघड्या पंजाने त्याच्या डाव्या कानावर मारलं. प्रकाश कबड्डी खेळतो. तो आवाज मी ऐकला. त्यानंतर बळीराम भंतेंचं नाव घ्यायचं थांबला, म्हणून लोकांना वाटलं की कबूल झाला. मी पोलिसांना फोन लावेन म्हणाले, तेव्हा त्याला सोडलं.

संध्याकाळी शिरड शहापूरकडून जीप आली. टपावरून दोन पोती उतरली, एक सायकल उतरली, आणि अँप्लिफायर उतरला. किसनरावांनी तो लेकीच्या सासरी बारशाला दिला होता. “मी साफ विसरलो होतो,” किसनराव म्हणाले. पोरं मारत होती तेव्हा ते खांबापासून हाताच्या अंतरावर उभे होते.

त्याच जीपमधून भंतेही उतरले. पंखा बघायला बळीरामला त्यांनीच बोलावलं होतं. समितीला सांगायचं राहून गेलं होतं.

बळीरामला घेऊन भंते दवाखान्यात गेले. डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतही काही गेलं होतं. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. केस करायची का, यावर बळीरामची आई धानाबाई म्हणाली, “कोर्टात कोण जाईल? हा गेला तर मोटारी कोण बांधील?” ते तिथेच मिटलं, म्हणजे वस्तीने मिटलं असं धरलं.

दुसऱ्या दिवशी पाळी माझ्या घरची होती. मुद्दाम लवकर स्वयंपाक केला. डब्याची वाट न बघता भंतेच दारात येऊन उभे राहिले. मी वाटी पुढे केली आणि त्यांनी पात्र पालथं घातलं. बूड वर, तोंड जमिनीकडे. मला वाटलं हात सुटला. मी थांबले. तेही थांबले. मग त्याच पालथ्या पात्रासह पुढच्या दारी गेले. सबंध वस्तीत प्रत्येक दारासमोर उभे राहिले, आणि प्रत्येक दारासमोर पात्र पालथंच.

ही जुनी रीत आहे. दान देणाऱ्याने मोठा अपराध केला, तर भिक्खू त्याच्या घरचं अन्न नाकारतात. ज्याचा अपराध केला त्याची माफी मागितली की पात्र पुन्हा सुलटं. रीतीप्रमाणे हे सगळ्या संघाने ठरवायचं असतं. आमच्याकडे संघ म्हणजे एकटे भंते.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. भंतेंनी अट एका वाक्यात सांगितली. “सगळी वस्ती तांड्यावर जाईल, बळीरामच्या दारात, आणि माफी मागंल. मीबी येनार हाय, कारण त्याला मीच बोलावलं होतं.”

सगळे एकदम बोलायला लागले. प्रकाश उभा राहिला. “भंते, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या मारलं. पाण्यासाठी मारलं, नवीन कपडे घातले म्हणून मारलं. आपल्या दारात कोणी आलं का माफी मागायला? आं? कोण आलं?”

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की खरं आहे. माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर त्या माराच्या खुणा होत्या.

“कोणी आलं न्हाई,” भंते म्हणाले. “म्हणून तर तुमाला ठावं हाय, माणूस किती दिस वाट बघतो ते. तांड्यावरच्यांना अजून ठावं न्हाई. कालपासून शिकून राहिले ते.”

प्रकाश निघून गेला. त्याच्यामागे पोरं गेली. ठराव काही झाला नाही.

मग पात्र पालथंच राहिलं. रोज सकाळी भंते सगळी वस्ती फिरायचे. पहिले काही दिवस बायका रडायच्या, पाया पडायच्या. नंतर दारं लावून घ्यायला लागल्या. “नखरे हायत म्हाताऱ्याचे,” असं ऐकू येऊ लागलं. एकाने दारात कुत्र्यासाठी ताट ठेवलं आणि मोठ्याने कुत्र्याला ‘भंते, भंते’ म्हणून हाक मारली. भंते त्या दारासमोरही उभे राहिले, बाकीच्या दारांपुढे राहायचे तेवढाच वेळ.

ही बातमी गावातल्या बड्या शेतकऱ्यांच्या आळीत पोहोचली. तिथल्या एकाने भंतेंना मानाने बोलावलं, चौरंग मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली. त्या घराने आजवर आमच्या वस्तीतल्या कोणाला ओसरीवर घेतलं नव्हतं. मोबाईलवर फोटो काढायला माणूस उभा केला. “या भंते,” यजमान म्हणाले, “तुमचे लोक तसलेच. आमाला आधीच ठावं होतं. तुमी इथं जेवत जा.”

भंतेंनी तिथेही पात्र पालथं घातलं. यजमानांचा चेहरा पडला. “आमी काय केलं?”

“तुमाला लई आनंद झाला हाय,” भंते म्हणाले, आणि पायरी उतरले. फोटोवाल्याने पालथ्या पात्राचा फोटो घेतला. गावभर फिरला तो.

राहिला तांडा. भंते रोज वस्ती संपवून ओढ्यापलीकडे जात आणि धानाबाईच्या दारात उभे राहत. फक्त तिथे पात्र सुलटं. पहिल्या दिवशी ती किंचाळली, “आता काय न्यायचं राहिलं? दुसरा कान?” दुसऱ्या दिवशी तिने अंगावर राखेचं पाणी टाकलं. पुढे कधीतरी ती अर्धी शिळी भाकरी द्यायला लागली. द्यायला म्हणजे, उंबऱ्यावरून टाकायची. भाकरी दगडासारखी, पात्रात खण्णकन आवाज व्हायचा. भंते मान लववून परत यायचे. वरचे पुढचे दात नाहीत, म्हणून भाकरी पाण्यात भिजवून खायचे. वीस घरांचं श्रीखंड आणि पुरणपोळी नाकारून साखरेच्या आजाराचा माणूस त्या अर्ध्या भाकरीवर दिवस काढत होता. महिन्याभरात चीवर अंगावर लोंबायला लागलं. मी म्हटलं, “भंते, मरून जाल.”

“यादीबाई, यादीत मरण्याची पाळी कोणाची हाय ते बघा. माझं नाव आलं की सांगा.”

वर्षावास संपत आला. शेवटच्या पौर्णिमेला चीवरदानाचा मोठा कार्यक्रम असतो. बाहेरगावचे भंते येतात, पाहुणे येतात. पालथं पात्र घेऊन फिरणारा भिक्खू त्यांना दिसला तर वस्तीची लाज जाणार, हे किसनरावांच्या लक्षात आलं. बैठक झाली आणि या वेळी ठराव झाला. माफीचा कार्यक्रम पौर्णिमेआधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, स्थळ तांडा.

नियोजन माझ्याकडे. खुर्च्या, सतरंज्या, हार, शाल, मसालेभात, बुंदी, पाण्याचे जार, ट्रॅक्टर. आणि माईक. म्हणजे तोच अँप्लिफायर. दुसरा नव्हता.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. बळीरामला मधोमध खुर्चीवर बसवलं. अँप्लिफायर सुरू केला तेव्हा तो शिटी मारून किंचाळला आणि बळीरामने दोन्ही हात कानांवर नेले. लोक हसले. वायर पुरत नव्हती म्हणून माईक त्याच्या डाव्या बाजूला लावला होता. किसनराव बोलले. पाहुणे बोलले. बंधुता, मानवता, इतिहास, सगळं झालं. शेवटी किसनराव म्हणाले, “झाल्या गेल्या गोष्टीबद्दल समस्त वस्तीच्या वतीनं दिलगिरी.” टाळ्या झाल्या. शाल घातली. प्रकाश मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता.

भंते उठले आणि बळीरामच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. “बळीराम, काय म्हनले हे लोक?”

बळीराम गोंधळला. “काय की, भंते. आवाज मोठा होता. त्या बाजूनं बोलून राहिले होते.” मग थोडं थांबून, कोणाचं मन मोडू नये म्हणून, “जेवन हाय म्हने.”

भंते मागच्या रांगेकडे बघत राहिले. अँप्लिफायर कोणीतरी बंद केला. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

प्रकाश उठला. खुर्च्यांमधून वाट काढत आला, उजव्या बाजूला मातीत बसला आणि बळीरामच्या कानाशी बोलला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. बळीरामने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने प्रकाशचा उजवा हात उचलला, उलटा करून तळवा बघितला.

“लई भारी हात हाय रे तुझा,” तो म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही.

भंतेंनी झोळीतून पात्र काढलं आणि मांडीवर सुलटं ठेवलं.

बायका उठल्या. मसालेभाताचं पातेलं, बुंदीची टोपली, सगळ्याजणी एकदम पुढे. महिन्यापेक्षा जास्त काळ त्यांनी या माणसाला वाढलं नव्हतं. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते. भंतेंनी सूर्याकडे बघितलं आणि पात्रावर हात ठेवला.

“पाच-दहा मिनिटं तर झाली, भंते,” किसनराव म्हणाले. “इथं कोण बघून राहिलंय?”

“खांबापाशीबी असंच वाटलं असंल,” भंते म्हणाले.

किसनरावांनी पाहुण्यांना पंगतीकडे नेलं. मसालेभात चांगला झाला होता. आम्ही सगळे जेवलो. तांड्यावरचे जेवले, पोरं जेवली, बळीराम शाल सांभाळत दोनदा भात घेऊन जेवला. बुंदी उरली ती वाटून टाकली.

पंगत उठत असताना धानाबाई घरातून आली. तिला बाराचा नियम माहीत नव्हता. रोजच्यासारखी भाकरी आणली होती, पण आज अख्खी, वाफा निघत असलेली. भंतेंचा हात पात्रावरच होता. तिने त्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. आज हा आपली भाकरी घेत नाही, असा अर्थ तिच्या चेहऱ्यावर यायला लागला होता. भंतेंनी हात काढला. बारानंतर घेणंही नियमात बसत नाही. तिने वाकून भाकरी पात्रात ठेवली. पहिल्यांदाच आवाज झाला नाही.

पौर्णिमा झाली आणि भंते आमच्या गावातून पुढे गेले. थंडीत मोठ्या दवाखान्यातून निरोप आला, तो शेवटचाच. तेव्हा मी त्यांना बघितलं नाही, म्हणून माझ्यासाठी शेवटचं दर्शन त्याच दुपारचं.

खुर्च्या मोजून ट्रॅक्टरवर चढवल्या, वर अँप्लिफायर दोरीने बांधला. ट्रॅक्टर वळला तेव्हा मी मागे बघितलं. भंते धानाबाईच्या भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर पात्र, पात्रात न खाल्लेली भाकरी, गार होत चाललेली. बोटं काठावर हलत होती, उचलत, दाबत. आणि त्यांच्या डाव्या बाजूला बळीराम बसला होता, उजवा कान त्यांच्याकडे करून.